नांदुर्कीच्या खोडातला दोरा

सुलभा गेल्याचं मला मराठी मंडळाच्या मेसेजवरून कळलं. 'आपल्या जुन्या सभासद सौ. सुलभाताई यांचे हृदयविकाराने आकस्मिक निधन झाले', आणि त्याच मेसेजात, एक ओळ सोडून खाली, कोजागरीच्या मसाला दुधासाठी घरटी किती माणसं येणार ते शुक्रवारपर्यंत कळवावे, अशी सूचना. मी फरीदाबादच्या आमच्या शाळेत, स्टाफरूममध्ये, सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. मेसेज वाचला, फोन पालथा ठेवला आणि पुढचे सहा पेपर तपासून काढले. शेजारच्या मॅडमनी विचारलं, "सब ठीक है न?" मी म्हटलं, "बिल्कुल." अकरा वर्षं मी सुलभाशी बोलले नव्हते. कशावरून, तर एका दोऱ्यावरून. तो तू कापलास, असं मी तिला तिच्या तोंडावर म्हटलं होतं आणि तिनं त्यावर हो किंवा नाही, काहीच उत्तर दिलं नव्हतं. आता ते कधीच मिळणार नाही, ही पहिली गोष्ट माझ्या मनात आली. वाईट वाटलं ते नंतर... आधी राग आला. सुटली एकदाची उत्तर द्यायचं टाळून, असंच वाटलं. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये, हे मला कळतं. पण तिच्याबद्दल गोडगोड लिहिलं तर ते खोटं होईल, आणि खोट्यानं आमचं आधीच पुरेसं वाटोळं केलंय.

आम्ही गुडगावला राहायला आलो ते नव्वदीच्या सुरुवातीला. माझा नवरा अरविंद गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत लागला होता, आणि कंपनीनं दिलेला फ्लॅट म्हणजे मोहरीच्या शेतात उभ्या केलेल्या चार इमारतींपैकी एकीत, तिसऱ्या मजल्यावर. पाणी टँकरचं, वीज आली तर आली, भाजी आणायची तर कुणाच्या तरी गाडीची वाट बघायची. पुण्याच्या नातेवाइकांना मात्र आम्ही 'दिल्लीला असतो' असं ठोकून द्यायचो. दुसऱ्याच आठवड्यात बेल वाजली. सुती साडी, पदराला मातीचे डाग, माझ्याच वयाची बाई. "तुम्ही मराठी ना? दारावरची पाटी बघितली. तुमच्याकडे जास्तीची चाळण आहे का? चहाची गाळणी नको, पिठाची चाळण." मला वाटलं, बिचारीचं सामान अजून ट्रकमध्येच असेल. मी माझी चांगली, आईनं दिलेली, पितळी कडेची चाळण काढून दिली. चार दिवसांनी मागायला गेले तर ही बाल्कनीत फतकल मारून बसली होती आणि माझ्या चाळणीतून विटांचा चुरा चाळत होती. "धूळ खाली गेली की वरचा रवाळ चुरा मला हवा असतो. मुळांना श्वास घेता येतो," ती म्हणाली आणि माझा चेहरा बघून म्हणाली, "आता ही तू स्वयंपाकात नाही ना घेणार?" तिथल्या तिथे आमचं अगंतुगं सुरू झालं. चाळण काही मला परत मिळाली नाही.

पुण्यात ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. तिच्या यजमानांना, प्रकाशभावजींना, गुडगावला नव्यानं आलेल्या परदेशी कंपनीत मोठी जागा मिळाली आणि हिनं नोकरी सोडली. जबरदस्ती कुणी केली नाही. तेव्हा बायकोला विचारायचीच पद्धत नव्हती, तर जबरदस्ती कुठून येणार? इथे तिनं दोन-तीन ठिकाणी अर्ज केले. एका नव्या, चकचकीत शाळेत तिला कॉम्प्युटर येतो का आणि इंग्रजी उच्चार घोटून घ्याल का, एवढंच विचारलं. ती घरी आली आणि पुन्हा कुठे गेली नाही. "वर्ग नाही मिळाला, आता एकाच विद्यार्थ्यावर भागवते," असं म्हणून ती खिडकीतल्या वीतभर झाडाकडे बोट करायची. हा विद्यार्थी तिला बिल्डरच्या साइट ऑफिसच्या भिंतीत, सांडपाण्याच्या पाइपाशेजारी, भेगेत उगवलेला सापडला होता. ऑफिस पाडणार असं कळल्यावर ही बाई मे महिन्यात, भर लूच्या झळांत, स्क्रूड्रायव्हर घेऊन दोन तास भिंत कोरत बसली. मजूर हसत होते, "मैडमजी, जंगली है, फेंकिए." करंगळीएवढं खोड तिनं मुळांसकट ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणलं, टाइल्स बसवणाऱ्या मिस्त्रीकडून एका उथळ चिनी मातीच्या भांड्याला भोकं पाडून घेतली आणि पूर्वेच्या खिडकीत त्याची स्थापना केली. मी विचारलं, "वड ना हा?" तर म्हणाली, "वड नाही, नांदुर्की. वडाची चुलत बहीण. घरात निमूट राहते."

निमूट कसली! त्या घरात तिच्याइतकं लाडावलेलं दुसरं कुणी नव्हतं. दर रविवारी भांडं पाव फेरी वळवायचं, म्हणजे सगळ्या अंगांना उजेड मिळतो. जागा मात्र बदलायची नाही. एकदा दिवाळीच्या साफसफाईत भावजींनी भांडं उचलून टीव्हीशेजारी ठेवलं, तर बाईसाहेबांनी रुसून पंधरा दिवसांत निम्मी पानं गाळली. पाण्याला घड्याळ नव्हतं. आधी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालायचं. कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर हात धुऊन गप्प बसायचं. "ही झाडं तहानेनं कमी मरतात, लाडानं जास्त," हे तिचं पालुपद. दर दुसऱ्या आषाढात ती झाड भांड्यातून काढून मुळं छाटायची, तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत मातीनं आणि चिकानं माखलेले असायचे. फांद्यांना तार गुंडाळून वळण द्यायची, पण तारेचं तिला भारी भय. "वेळेवर काढली नाही तर सालीत रुतते, मग ब्रह्मदेव आला तरी वळ जात नाही." एका वर्षी आईच्या आजारपणात ती दीड महिना पुण्याला राहिली आणि डाव्या फांदीवरची तार राहून गेली. त्या फांदीवर गोलगोल वळ उठले. पुढे कित्येक वर्षं, गप्पा मारता मारता, तिचा अंगठा त्या वळांवरून फिरत असायचा. आणि झाड उभ्यानं बघितलेलं तिला खपायचं नाही. "खाली बस. त्याच्या उंचीला ये. वरून नुसतं हिरवं दिसतं." येईल त्या पाहुण्याला ती सोफ्यावरून उठवून जमिनीवर बसवायची. भावजींचे साहेब एकदा सुटाबुटात गुडघ्यांवर बसून नांदुर्की बघत होते, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

हळूहळू सोसायटीत आम्ही पाच-सहा मराठी घरं झालो आणि वटपौर्णिमेचा प्रश्न आला. आमच्या सेक्टरात वडच नव्हता. बिल्डरनं लावले ते सगळे पाम. शेजारच्या बिहारी बायकांची पूजा पंधरा दिवस आधी अमावास्येलाच उरकलेली असायची, आणि आम्ही पौर्णिमेला जरीच्या साड्या नेसून भाजून काढणाऱ्या उन्हात वड शोधत हिंडायचो. एका वर्षी कुणाच्या तरी डोक्यात आलं, सुलभाकडे आहे की! "अगं बायांनो, ती नांदुर्की आहे," सुलभा म्हणाली. "वडाच्या जातीची तर आहे ना?" "जातीची आहे. पण चुलत झाडाला फेऱ्या मारलात तर सात जन्म चुलत नवरा मिळेल, मग माझ्याकडे तक्रार आणायची नाही." सगळ्या खिदळल्या आणि सोफा भिंतीला लागला. टीपॉयवर मधोमध ते वीतभर झाड आणि कूलरच्या वाऱ्यात त्याच्याभोवती रांगेनं फिरणाऱ्या आम्ही! सुलभा स्वतः फेऱ्या मारायची नाही. "मी वर्षभर हिच्याभोवतीच फिरते," म्हणायची आणि स्वयंपाकघरात आमच्यासाठी पन्हं करायची. खऱ्या वडाच्या बुंध्याला दोऱ्याचं काय वाटणार? इथे सगळ्यांचे सातसात फेरे खोडाच्या बोटभर जागेत. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ती नखं कापायची छोटी कात्री घेऊन सगळे दोरे कापून काढायची आणि हळदकुंकू ओल्या ब्रशनं पुसायची. हे मला एकटीला माहीत होतं. वडाचा दोरा काढायचा नसतो, तो आपला आपण कुजून पडू द्यायचा, हे आम्हा सगळ्यांच्या अंगात मुरलेलं. बाकीच्यांना कळलं असतं तर गहजब झाला असता. मी म्हणायचे, "पाप लागेल गं." ती म्हणायची, "मला लागेल. तुम्हांला नाही. बस?"

असं सात-आठ वर्षं सुखानं चाललं. मग एका मे महिन्यात अरविंदचं पोट दुखायला लागलं आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी कर्करोग असल्याचं सांगितलं. मी काही देवभोळी बाई नाही. उपास मला झेपत नाहीत, आरत्या अर्ध्याच येतात. पण त्या वटपौर्णिमेला मी सगळ्यांच्या आधी, एकटीच सुलभाकडे गेले. घरात सुताची गुंडी नव्हती आणि बाजारात जायचं मला भान नव्हतं. शिवणाच्या डब्यातलं पांढरं रीळ उचललं... पॉलिएस्टरचा दोरा, अरविंदच्या शर्टांची बटणं लावायचा. सात फेरे मारले. नुसते गुंडाळले नाहीत, आवळले, आणि गाठीवर गाठ मारली. मग सुलभाचं मनगट धरून म्हटलं, "या वर्षी माझा दोरा कापू नकोस."

ती त्याच्या उंचीला बसली, दोऱ्याला बोट लावून बघितलं. "शैला, हा सुती नाही गं. हा कुजायचा नाही. रुतेल."

"रुतू दे."

"झाड जाईल."

"झाडच ना?" मी म्हणाले. हे वाक्य मी म्हणाले, दुसऱ्या कुणी नाही.

तिनं बोट दोऱ्यावरून काढलं. मग उठली आणि म्हणाली, "बरं. नाही कापत."

पुढचे सात महिने मी घर आणि हॉस्पिटल याखेरीज कुठे गेले नाही. सुलभा मात्र रोज यायची. तिनं त्याच वर्षी गाडी शिकून घेतली होती, दिल्लीच्या त्या ट्रॅफिकमध्ये अरविंदला केमोला घेऊन जायची, मला जबरदस्तीनं दोन घास खायला लावायची. झाडाचं नाव तिनं काढलं नाही, मीही नाही. जानेवारीत, धुकं दाटलेल्या एका सकाळी, अरविंद गेला. त्यानंतरच्या जूनमध्ये तिचा फोन आला, "या वर्षी माझ्याकडे पूजा नाही, मी सगळ्यांना सांगून टाकलंय. तू ये, आपण दोघी चहा घेऊ." मी गेले. सोफा जागच्या जागी होता, झाड खिडकीत होतं, भावजी आतल्या खोलीत पेपर वाचत होते. मी उभ्याउभ्याच बघितलं. खोडावर दोरा नव्हता. पांढऱ्याचा ठिपकासुद्धा नव्हता. आणि मला वाटलं, अच्छा, म्हणून पूजा बंद! हिचं मन हिला खातंय.

"दोरा कुठे आहे?"

"आधी चहा घे," ती म्हणाली.

"कापलास ना?"

ती माझ्याकडे नुसती बघत राहिली... मला अजून आठवतं, तिच्या हातातली बशी थोडी कलली होती. मी थांबले नाही. तुझा विश्वास नव्हता, माझा होता, म्हटलं. एक दोरा राहू द्यायला तुझं काय जात होतं, म्हटलं. "झाडाला वळ उठू नये म्हणून माझा नवरा..." इथपर्यंत म्हटलं, आणि उरलेलं वाक्य तिच्या दिवाणखान्यात तसंच टाकून निघून आले. ती दारापर्यंतही आली नाही.

वर्षभरात मी गुडगाव सोडलं, फरीदाबादच्या शाळेत नोकरी धरली. तिचे पाच-सहा फोन आले, मी आवाज ऐकून ठेवून दिले. एकदा मंडळाच्या गणपतीत ती हॉलच्या पलीकडच्या टोकाला दिसली. केस पांढरे झाले होते. ती हसली आणि माझ्याकडे यायला निघाली, आणि मी वळून मोदकांच्या रांगेत उभी राहिले. भूक नव्हती. रांग मोठी होती, म्हणून उभी राहिले. पुन्हा मान वर केली तेव्हा ती गेली होती.

मेसेज आल्यानंतर चौदाव्या दिवशी मी गुडगावला गेले. का गेले, ते मला नीट सांगता येणार नाही. मोहरीच्या शेतांच्या जागी काचेच्या इमारती आहेत हे ठाऊक होतं, तरी आमची सोसायटी मला रिक्षावाल्यानं शोधून दिली. भावजी वाळून गेले होते. तिचा फोटो, हार, उदबत्ती, सगळं रीतसर. खिडकी मात्र रिकामी. झाड त्यांनी बाल्कनीत नेऊन ठेवलं होतं, कठड्यापाशी, आणि त्यानं सवयीप्रमाणे पानं गाळली होती. "तिची खुर्ची तिथेच असायची ना," भावजी म्हणाले, "खुर्ची रिकामी आणि झाड तसंच... बघवेना, वहिनी." मी बाल्कनीत गेले आणि न ठरवता खाली बसले, त्याच्या उंचीला. खोडाची खालची चार बोटं एकदम बारीक होती आणि त्यावरचा भाग माणसाची पोटरी सुजावी तसा फुगलेला. त्या सुजेच्या कडेनं पंधरा-वीस मुळं फुटून झालरीसारखी मातीत उतरली होती. मी ती बोटांनी बाजूला केली. मागे आडवी खाच होती.

"दोरा बघताय?" भावजी मागून म्हणाले. "आतच आहे की. साल वर चढली त्याच्या."

मी म्हटलं, "तिनं कापला नाही?"

"छे. पहिल्या चार महिन्यांतच रुतला. खालची मुळं मरायला लागली. मी म्हटलं, काप यार, शैलावहिनींना काय कळणार आहे? तर माझ्या हातातली कात्री काढून घेतली. शब्द दिलाय म्हणाली. मग पुढच्या पावसाळ्यात दोऱ्याच्या वर मुळं फुटायला लागली, तर कोल्ड्रिंकच्या स्ट्रॉ चिरून, त्यांत ओलं शेवाळ भरून, एकेक मूळ मातीपर्यंत आणलं. दोन वर्षं तेच चाललं होतं."

"मग त्या दिवशी मला का नाही बोलली?"

"तुम्ही गेल्यावर मीही तेच विचारलं." ते चष्मा काढून पुसायला लागले. "म्हणाली, दोरा आहे असं सांगू? मग तिच्याकडे काय उरेल?"

"आणि तुम्ही, भावजी? अकरा वर्षं?"

"ते तुम्हा दोघींमधलं होतं," ते म्हणाले. "मी कशाला मध्ये पडायचं..."

त्या माणसाच्या घरात नुकतंच मरण झालं होतं, म्हणून मी गप्प बसले. नाहीतर त्यांना सांगितलं असतं, की एक वाक्य, भावजी, आतल्या खोलीतून एक वाक्य! पेपर खाली न ठेवताही बोलता आलं असतं. पण खरा राग त्यांच्यावर नाही. खरा राग तिच्यावर आहे, आणि तो इथे लिहिल्याशिवाय मला हा लेख पुरा करता येणार नाही. माझ्याकडे काय उरेल हे ठरवणारी ती कोण? दोरा शाबूत होता आणि तरी अरविंद गेला, हे मला झेपणार नाही, असं तिनं परस्पर धरलं. तेव्हा झेपलं नसतं, कबूल. पण पुढच्या वर्षी? पाचव्या वर्षी? गणपतीत माझ्या रांगेत येऊन उभी राहिली असतीस तर? मला रागवायला कुणीतरी हवं म्हणून तिनं स्वतःला दिलं, आणि त्यापायी मी अकरा वर्षं एका निरपराध बाईला शिव्या घातल्या. अरविंद गेला तो माझ्या हातातला नव्हता. सुलभाला मी स्वतः घालवलं, आणि तिनं घालवू दिलं. तिच्या चांगुलपणाचे गोडवे मंडळाच्या शोकसभेत पुष्कळ गायले गेले असतील. मला तो चांगुलपणा महाग पडला.

"न्या तुम्ही ते," भावजी म्हणाले. "मी पुण्याला मुलाकडे चाललोय, मला नाही जमायचं." निघताना त्यांनी बाल्कनीतून आणखी एक वस्तू आणून माझ्या पिशवीत टाकली. पितळी कडेची चाळण. जाळीत विटांचा लाल चुरा अडकलेला होता. फरीदाबादपर्यंत झाड मांडीवर धरून आणलं, हात मुंग्या येऊन बधिर झाले.

आता ते माझ्या पूर्वेच्या खिडकीत आहे. आल्या आल्या उरलीसुरली पानं त्यानं टाकली, मी काही बोलले नाही. गेल्या आठवड्यात डाव्या फांदीवर, त्या जुन्या तारेच्या वळांपाशी, दोन कोंब दिसले. रविवारी पाव फेरी वळवते. शाळेतून आले की हात धुवायच्या आधी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालते, ओलं लागलं तर गप्प बसते. काल सुट्टी होती. उन्हं खिडकीत आली तेव्हा नखं कापायची कात्री घेऊन त्याच्या उंचीला बसले, मुळांची झालर बाजूला केली आणि खाचेला टोक लावून बघितलं. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. साल दोन्ही बाजूंनी येऊन मिटली आहे, मध्ये केसाएवढी रेघ राहिली आहे. टोक आत शिरत नाही. तेव्हा शिरलं असतं.